जुन्या एंटरप्राइजमध्ये सामानाचा कप्पा

एंटरप्राइज ही छोटी शिडाची होडी जॅक होल्ट यांनी 1956 मध्ये इंग्लंडमध्ये आखली. लांबी सव्वातेरा फूट, रुंदी सव्वापाच फूट, दोन माणसं आणि निळी शिडं. मुंबईला ती परकी नाही. 1982 च्या आशियाई स्पर्धांमधल्या शिडाच्या शर्यती आपल्याच समुद्रात झाल्या आणि त्यांत एंटरप्राइजचाही वर्ग होता. माझ्याकडची होडी फायबरची आहे, बऱ्याच वर्षांची, आणि माझ्याआधी ती इतरांच्या हातांतून गेलेली आहे. शर्यतीत ती आता उतरत नाही. पावसाळा सरला की मे महिन्यापर्यंत मी आणि माझा भाचा ती कुलाब्याहून बाहेर काढतो, दुपारचा खारा वारा धरतो आणि पाणी फिरायच्या हिशेबाने परत येतो.

या होडीत सामान ठेवायला जागा नाही. शर्यतीला निघालेल्या माणसाजवळ सामान नसतंच. दिवसभर बंदरात राहायचं तर मात्र बरंच लागतं: पिण्याचं पाणी, छोटा नांगर आणि त्याचा दोर, प्रथमोपचाराची पेटी, कोरडे कपडे, पाना-पक्कड, जादाचे शॅकल (दोर आणि साखळ्या जोडायच्या कड्या), खाण्याचा डबा, शिट्टी, टॉर्च. हे सगळं आम्ही पिशव्यांत भरून डोलकाठीच्या बुंध्याला बांधत असू. होडी वाऱ्याने कलली की पिशव्या कललेल्या बाजूला सरकायच्या, म्हणजे नेमकं जिथे वजन नको तिथे. नांगराचा दोर पायात यायचा. वळताना दोघांपैकी एकाचा पाय अडकला तर पुढे काय होतं हे सांगायला नको.

कप्पा करायचा हे ठरल्यावर भाच्याने पहिल्याच संध्याकाळी जागा दाखवली. "आत्या, या दोन्ही बाजूंच्या बैठका आतून पोकळच आहेत की. भोक पाडू, झाकण लावू, झालं." दिसायला गोष्ट इतकीच आहे. जुन्या होड्यांत अनेकांनी हेच केलेलं मी पाहिलं आहे. पण त्या बैठका म्हणजे हवेच्या टाक्या आहेत. ती पोकळी रिकामी दिसते, तरी होडीत सर्वांत मोठं काम तीच करत असते. खाऱ्या पाण्यात दर लिटर बंद हवा एक किलोहून थोडं जास्त वजन उचलून धरते. होडी उलटली, पाण्याने भरली, तरी ती तरंगत राहते आणि आपल्याला तिच्यावर परत चढता येतं ते या टाक्यांमुळे. त्यांना मोठं भोक पाडलं की त्या टाकीची सगळी भिस्त एका रबरी रिंगेवर येते. रिंग सुकली, वाळूचा कण अडकला किंवा घाईत झाकण अर्धवट फिरलं की उलटलेल्या होडीची एकच बाजू पाण्याने भरते. अशी होडी सरळ केली तरी ती त्याच बाजूला पुन्हा कलंडते. दोन माणसांना ती पाण्यात उभी करता येत नाही.

म्हणून मी एक अट घातली: आहे त्या टाकीला हात लावायचा नाही. कप्पा नवा, त्याची भिंत नवी, आणि तो पूर्ण भरला तरी होडी आज जशी तरंगते तशीच तरंगली पाहिजे.

जागा शोधायला होडी आवारात स्टँडवर चढवली आणि आत बसून मापं घेतली. मागच्या फळीजवळ भरपूर जागा आहे, पण तिथे वजन ठेवलं की मागची फळी पाण्यात रुतते आणि होडी पाणी ओढत चालते. आमच्या होडीत नाळेच्या, म्हणजे पुढच्या, टोकाला एक बंद टाकी आहे. तिची भिंत आणि डोलकाठी यांच्यामध्ये डेकखाली एक गुहेसारखी मोकळी जागा होती. तिथे ओलं शीड कोंबायचं, एवढाच तिचा उपयोग. या जागेला मागून दुसरी भिंत घातली तर बंद कप्पा तयार होत होता. भिंतीचं क्षेत्रफळ साधारण पाव चौरस मीटर, खोली वीस सेंटिमीटर. नाळेकडे निमुळतं होत जाणारं धरून 45 लिटरच्या आसपास. झाकण बंद असेल तर ही वाढीव तरंगशक्तीच आहे. पण ती मी हिशेबात धरलेली नाही. रोज उघडायच्या कप्प्यावर जीव टांगून ठेवायचा नाही.

नाळेत जड वस्तू नकोत, हा दुसरा मुद्दा. तिथे नांगर ठेवला तर होडी लाटेत नाक खुपसते. म्हणून सामानाचे दोन भाग केले. हलकं आणि कोरडं राहायला हवं ते पुढच्या बंद कप्प्यात. जड आणि भिजलं तरी चालेल ते, म्हणजे नांगर, दोर आणि पाण्याचे कॅन, होडीच्या मधोमध, सेंटरबोर्डच्या (होडीच्या मध्यातून खाली पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीला लागून बसण्याच्या आडव्या फळीखाली. तिथे पेटी नको. पट्ट्यांचं उघडं ताट हवं, म्हणजे आलेलं पाणी अडत नाही, तळाशी जाऊन उपसलं जातं.

कागदावरचं हे सगळं मी कुलाब्याच्या एका नाखव्यांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या जाणत्या कोळ्यांना, दाखवलं. त्यांचा स्वतःचा मासेमारीचा ट्रॉलर होता; आता ते इतरांच्या बोटींना फायबर मारतात. त्यांनी चित्र बाजूला ठेवलं आणि होडीत जाऊन बोटाने ठोकत पुढपासून मागपर्यंत सगळा तळ ऐकला. मग म्हणाले, "ताई, भिंत घाला, पण तळाला टेकवू नका. जिथे टेकेल तिथे बोट फुटेल." हे वाक्य मला सगळ्यात उपयोगी पडलं. फायबरचा तळ लाटेवर किंचित लवतो. प्लायची कडक धार त्याला थेट टेकली की त्याच रेषेवर तो पुन्हा पुन्हा दुमडतो आणि तिथेच चीर जाते. म्हणून भिंत चारही बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर लहान कापायची, फटीत फोमची पट्टी ठेवायची आणि दोन्ही अंगांनी पुट्टीची रुंद गोलाई देऊन वरून कापड मारायचं. भार मग रेषेवर न येता पट्ट्यावर पसरतो.

सामान मुंबईत सगळं मिळतं, फक्त वेगवेगळ्या टोकांना. झाकणासाठी दारूखान्यात गेले. रे रोड स्टेशनवरून उतरलं की जहाजांच्या मोडीचा माल विकणारी दुकानं लागतात: दोरखंड, कप्प्या, बोटीच्या खिडक्या, पितळी नळ. तिथे मला पेचाने फिरणारं, रबरी रिंगेचं आठ इंची गोल झाकण मिळालं. चौकोनी झाकणात डबा सहज गेला असता, पण चौकोनाच्या कोपऱ्यांत रिंग सारखी दाबली जात नाही. गोल झाकण फिरवलं की दाब सगळीकडे एकसारखा बसतो. बोल्ट नागदेवी स्ट्रीटवरून आणले, तीनशे सोळा ग्रेडचे स्टील. साधं तीनशे चार दिसायला तसंच असतं, पण मुंबईच्या खाऱ्या हवेत त्याच्यावर तांबूस ठिपके येतात. तीनशे सोळामध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते मिठाला जास्त टिकतं. चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, म्हणून बिल मागायचं आणि ओळखीच्या दुकानातच जायचं.

प्लाय सहा मिलिमीटरचं मरीन, आयएस 710 शिक्क्याचं. शिक्का असला तरी कापलेल्या कडेत थरांमध्ये पोकळ्या आहेत का ते बघून घेतलं. घरी आल्यावर एक तुकडा जुन्या पातेल्यात संध्याकाळभर उकळत ठेवला. थर सुटले नाहीत, तेव्हा कुठे कापायला घेतलं.

रेझिनचा, म्हणजे फायबरच्या कापडात मुरून घट्ट होणाऱ्या द्रवाचा, निर्णय मात्र बराच वेळ अडला. नाखवा रोज वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन, त्यात सुकण्याला वेग देणारं कोबाल्ट आणि घट्ट करणारा हार्डनर. स्वस्त, लवकर सुकणारं, हातात बसलेलं. मी एपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिन म्हणत होते. मला वाटलं होतं ते हसतील. ते म्हणाले, "नवीन मालावर नवीन रेझिन एकजीव होतं. जुन्या मालाला ते नुसतं चिकटतं. तुमची बोट जुनी आहे, तुमचं बरोबर आहे." जुन्या, पूर्ण वाळलेल्या फायबरला नवा थर रासायनिकरीत्या जुळत नाही, त्याला खरवडलेल्या पृष्ठभागाची पकड लागते, आणि अशी पकड एपॉक्सी फार चांगली धरतं. त्याबरोबर दोन गोष्टी आल्या. बोटीच्या कामात सर्रास वापरतात ती सुट्या धाग्यांची मॅट एपॉक्सीसाठी योग्य नाही, कारण तिचे धागे धरून ठेवणारा डिंक पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळावा असा केलेला असतो. म्हणून विणलेलं कापड घ्यायचं. आणि एपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टरचा जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर) नीट बसत नाही, त्यामुळे शेवटी दोन डब्यांचा पॉलियुरेथेन रंग लावायचा. पॉलिएस्टरच वापरणार असाल तर एक गोष्ट नाखव्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितली आणि मीही सांगते: कोबाल्ट आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर.

आता प्रत्यक्ष काम. भिंतीचा आकार फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढला. होडीत एकही रेघ सरळ नाही, डावी आणि उजवी बाजूही सारखी नाही. त्यामुळे एक बाजू कापून उलटवून दुसरीला वापरता येत नाही. पुठ्ठा साधारण आकाराचा कापून जागेवर उभा केला, कंपासच्या टोकाने तळाची वळणं त्याच्यावर उतरवली, पुन्हा कापला, पुन्हा लावला. इथे दिलेला वेळ कधीच वाया जात नाही. पुठ्ठा स्वस्त आहे, प्लाय नाही.

जिथे भिंत बसणार तिथला जुना रंग आणि जेलकोट काढायचा होता, पण त्याआधी धुणं. गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, वाळवायचं, अॅसिटोनने मेण पुसायचं, आणि मगच साठ नंबरचा पॉलिशपेपर. आधी घासलं तर मीठ आणि मेण ओरखड्यांत जाऊन बसतं. थिनर मी टाळला; त्याचा तेलकट थर मागे राहू शकतो. डेकखाली डोकं घालून, मे महिन्याच्या उकाड्यात, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून हे करणं कष्टाचं आहे. फायबरची धूळ अंगाला लागली की रात्रभर खाज सुटते. फुफ्फुसात गेली तर त्याहून वाईट. मास्कशिवाय हे काम कोणी करू नये. भाच्याला मी मास्कशिवाय होडीत पाऊल टाकू दिलं नाही.

एपॉक्सी लावायची वेळ मुंबईत विचार करून निवडावी लागते. हवा तापत असताना प्लायवर एपॉक्सी लावलं तर लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि थरात बुडबुडे धरतात. हवा निवत असताना लावलं तर लाकूड ते आत ओढून घेतं. म्हणजे दुपार उलटल्यानंतरची वेळ चांगली. पण संध्याकाळी दमटपणा वाढतो आणि ओलसर हवेत सुकणाऱ्या एपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो. त्याच्यावर दुसरा थर पकड घेत नाही. आम्ही चारच्या सुमाराला सुरुवात करायचो आणि दुसऱ्या दिवशी तो थर साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन काढायचो. तो पाण्यात विरघळतो. न धुता पॉलिशपेपर मारला तर नुसता पसरतो. आणखी एक: उकाड्यात डब्यात कालवून ठेवलेलं एपॉक्सी बघता बघता तापतं आणि घट्ट होतं. थोडं थोडं कालवायचं आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं, म्हणजे उष्णता निघून जाते आणि हाताला वेळ मिळतो.

प्लायच्या कडा आणि झाकणाच्या भोकाची आतली धार यांना एपॉक्सीचे तीन हात दिले. प्लाय कुजतं ते कडेकडून. बोल्टची भोकं आधी मोठी पाडली, पुट्टीने भरली, सुकल्यावर त्यांच्या मधोमध बारीक भोकं पाडली. आता बोल्टच्या भोवती लाकूड नाहीच, त्यामुळे सीलंट कधी सुटलं तरी पाणी प्लायपर्यंत पोहोचत नाही. गोलाईच्या पुट्टीसाठी एपॉक्सीत एरोसिल ही सिलिकाची अतिबारीक पूड कालवली, चक्क्याइतकं घट्ट, चमच्यावरून ओघळणार नाही असं. वाकवलेल्या प्लास्टिकच्या पट्टीने ती कोपऱ्यात ओढली आणि ओली असतानाच वरून कापडाच्या पट्ट्या बसवल्या.

झाकण कुठे बसवायचं यावर बरीच चर्चा झाली. भाच्याला ते हाताशी हवं होतं, म्हणजे खाली आणि एका बाजूला. मी ते वर आणि शक्य तितकं मध्यावर ठेवलं. होडी आडवी पडते तेव्हा एक बाजू पाण्यात जाते. झाकण कडेला असेल तर पन्नास टक्के वेळा ते पाण्याखाली येणार. मध्यरेषेजवळ असेल तर कुठल्याही बाजूला पडली तरी ते पाण्याच्या वर राहण्याची शक्यता जास्त. अगदी मध्यावर डोलकाठी आडवी येत होती, हात आत जाईना, म्हणून चार बोटं उजवीकडे सरकवलं. तळाशी पाणी काढायला एक पेचाचं बूच आणि सगळ्यात वर, डेकच्या लगत, दोन मिलिमीटरचं एक बारीक भोक.

या भोकाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण जुन्या होड्यांच्या टाक्या इथेच फुटतात. सकाळी 25 अंशांवर कप्पा घट्ट बंद केला आणि दुपारी उन्हात आतली हवा 55 अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. ऐकायला काही नाही. पण पाव चौरस मीटरच्या भिंतीवर तो भार 250 किलोच्या आसपास होतो. रात्री हवा थंड झाली की उलटा ओढा. असा एक मोसम गेला की कितीही चांगली केलेली कड सुटायला लागते. दोन मिलिमीटरच्या भोकातून हवा ये-जा करते, आणि होडी उलटलेली असताना त्यातून येणारं पाणी नगण्य. होडी आवारात उभी असते तेव्हा आम्ही झाकणं आणि बुचं काढूनच ठेवतो.

हेच गणित गळती तपासतानाही लक्षात ठेवावं. आवारातल्या एकाने कंप्रेसर देऊ केला, मी नको म्हटलं. बुचाच्या भोकाला नळी लावली, वरचं बारीक भोक चिकटपट्टीने बंद केलं, भाच्याने तोंडाने अलगद फुंकर मारली आणि मी सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावत गेले. डेकच्या उजव्या कोपऱ्यात बुडबुडे आले. तिथे वरच्या बाजूला कापड नीट टेकलेलं नव्हतं. उलट्या पृष्ठभागावर ते नेहमीच सुटू पाहतं. तेवढा भाग घासून पुन्हा पट्टी मारली.

मधलं ताट त्या मानाने सोपं होतं. सागाच्या पट्ट्या, मध्ये बोटभर फटी, खालून दोन आडवे तुकडे, सेंटरबोर्डच्या पेटीपासून थोडं सुटं. पट्टा मात्र दणकट बसवला. होडी पालथी झाली आणि नांगर सुटला तर तो शिडातून किंवा माणसाच्या डोक्यावर जाईल. नांगराला स्वतंत्र दोरी आणि कॅनला स्वतंत्र पट्टा.

खरी परीक्षा पाण्यात. उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला, मुंबई बंदरात भरती-ओहोटीचा फरक साडेचार मीटरच्याही वर जातो आणि पाणी जोरात ओढतं. म्हणून भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो असा, दिवस निवडला, तोही भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं त्या वेळेचा. दोघांनी लाइफजॅकेट घातले आणि ओळखीच्यांची एक मोटरबोट जवळ उभी केली. कप्प्यात आणि दोन्ही बाजूंच्या टाक्यांत वर्तमानपत्राची पानं टाकली, नेहमीचं सगळं सामान भरलं, आणि होडी मुद्दाम आडवी पाडली. आधी डावीकडे, काही वेळ तशीच धरून ठेवली, सरळ केली, पाणी उपसलं, मग उजवीकडे. पुढे वाढवलेल्या हवेमुळे ती उचलून पूर्ण पालथी होऊ पाहते का हे मला बघायचं होतं. तशी ती झाली नाही. सेंटरबोर्डवर एकटी मी उभी राहिले तरी सरळ झाली. ताटातला नांगर जागचा हलला नाही.

किनाऱ्यावर येऊन झाकणं उघडली. पुढच्या कप्प्यातला कागद कोरडा. उजव्या टाकीतला कोरडा. डाव्या टाकीतला एका कोपऱ्याला ओला झालेला. तिथलं जुनं बूच फिरत होतं पण वॉशर चेपून गेला होता. वॉशर बदलला. नव्या कप्प्याच्या निमित्ताने जुन्या टाकीची गळती सापडली, हे मला कप्प्याइतकंच मोलाचं वाटतं. ज्यांच्याकडे जुनी होडी आहे त्यांनी कप्पा केला नाही तरी ही कागदाची तपासणी मोसम सुरू होण्याआधी जरूर करावी.

आता निघताना पुढच्या कप्प्यात कपडे, प्रथमोपचार, टॉर्च आणि डबा असतो. झाकणाच्या रिंगेला अधूनमधून सिलिकॉन ग्रीस लावते आणि बंद करण्याआधी बोट फिरवून वाळू पुसते. शिट्टी आणि चाकू कप्प्यात नाहीत, ते दोघांच्या लाइफजॅकेटला आहेत. होडी उलटलेली असताना ज्याची गरज लागते ती वस्तू झाकणामागे ठेवता येत नाही. भाच्याला अजून मागे एक छोटा कप्पा हवा आहे, मासे पकडायच्या दोरीसाठी. मागच्या वजनाचं त्याला पटलेलं नाही. येत्या मोसमात पाण्याचा एक कॅन मागच्या फळीशी बांधून त्यालाच सुकाणूवर बसवणार आहे.